आधी भांडं, मग चूल: आफ्रिकेतल्या घरांसाठी सुधारित चूल आखण्याची रीत

मी शाळेत असताना आमच्या गावच्या घरी कुठल्याशा योजनेतून बिनधुराची चूल आली. मातीची, दोन तोंडांवर दोन भांडी बसतील अशी, मागे सिमेंटचं धुरांडं. मिस्त्री बसवून गेला आणि चौथ्या दिवशी आजीनं खुरपं घेऊन चुलीचं पुढचं तोंड चांगलं वीतभर करून टाकलं. भाकरी तव्यावरून काढली की आराला टेकवून उभी करायची असते, तेव्हा ती टम्म फुगते. नव्या चुलीच्या तोंडात लाकूड जात होतं, भाकरी जात नव्हती. तोंड मोठं झाल्यावर हवेची ओढ बिघडली, धूर परत घरात यायला लागला आणि वर्षभरात ते धुरांडं कोंबड्या अडवायच्या कामी आलं.

पुढे याच क्षेत्रात काम करायला लागल्यावर आफ्रिकेतल्या चुलींबद्दल वाचत-ऐकत गेलो, तेव्हा जागोजागी आजीचं खुरपं भेटलं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला नव्वद कोटींहून जास्त माणसं आजही लाकूड, लाकडी कोळसा, शेण, धाटं यांवर रांधतात. तिथे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कितीतरी चुली आल्या आणि गेल्या. टिकल्या त्या थोड्या. पुण्या-मुंबईत स्टोव्ह बनवून पूर्व आफ्रिकेत पाठवू पाहणारे उद्योजक, तिकडच्या संस्थांमध्ये कामाला जाणारी आपली मुलं-मुली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ‘चूल’ हा प्रकल्प घेणारे विद्यार्थी, यांना उपयोगी पडेल अशी रीत खाली मांडतो. क्रम मुद्दाम उलटा आहे. विस्तवाचं गणित उशिरा येतं.

पायरी १: खंड सोडा, एक पदार्थ धरा

‘आफ्रिकन चूल’ अशी गोष्ट नसते, जशी ‘आशियाई चूल’ नसते. कामाची सुरुवात एका वाक्यानं करा: अमुक भागातल्या घरात, अमुक पदार्थ, इतक्या माणसांसाठी, दिवसातून इतक्या वेळा. हे वाक्य लिहिता येत नसेल तर कागदावर अजून रेघ ओढू नका.

पदार्थ चुलीकडे काय मागतो ते बघा. केनिया-टांझानियातली उगाली, मलावीतली न्सिमा, झिम्बाब्वेतली साद्झा ही सगळी मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आधी भांडंभर पाणी झटपट उकळायला हवं, म्हणजे जोरदार जाळ. मग पीठ पडलं की दणकून हाटायचं, म्हणजे न हलणारी चूल. शेवटी दोन-चार मिनिटं मंद आच. युगांडातल्या मटोकेचं उलटं आहे. हिरवी केळी सोलून, केळीच्या पानांत गुंडाळून, तासन्‌तास वाफेवर ठेवायची. तिथे जोर नको, दर दहा मिनिटांनी कुणी सरपण सारायला लागणार नाही अशी स्थिर धग हवी. केनियातलं गिठेरी, म्हणजे मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र, दोन-तीन तास शिजतं.

आणि इथिओपियातला इंजेरा तर या सगळ्यांपासून वेगळाच. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि ‘मिताद’ नावाच्या मातीच्या सपाट तव्यावर ओततात. हा तवा साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचा असतो. ओतण्याची पद्धत बघण्यासारखी आहे: कडेपासून सुरुवात करून गोल गोल फिरत मध्यापर्यंत यायचं, मग पृष्ठभागावर बारीक छिद्रं उमटतात, त्यांना तिथे ‘डोळे’ म्हणतात, आणि लगेच झाकण. डोळे सगळीकडे सारखे आले तर इंजेरा जमला. म्हणजे या तव्याला हवा असतो तो कडेपासून मध्यापर्यंत सारखा ताव. खानदेशातल्या मांड्यांचं खापर ज्यांनी पाहिलंय त्यांना अंदाज येईल. इथिओपियातल्या घरगुती जळणाचा निम्म्याहून अधिक भाग या एका पदार्थावर खर्च होतो असं मानलं जातं. तिथे पातेल्याखाली उत्तम जळणारी चूल घेऊन गेलात तर तुम्ही अर्ध्याहून कमी प्रश्नाला हात घातलात.

तिथे टिकलेली चूल म्हणजे ‘मिर्त’. अम्हारिक भाषेत मिर्त म्हणजे उत्तम, निवडक. सिमेंटमध्ये ज्वालामुखीची सच्छिद्र वाळू मिसळून साच्यात तिचे तुकडे पाडतात. ते गोलाकार जोडले की मिताद बरोबर वर बसतो. आग चहूबाजूंनी बंदिस्त होते, वारा लागत नाही, आणि मागून बाहेर पडणाऱ्या गरम हवेवर एक पातेलं ठेवायची सोय आहे. आपल्या चुलीचा वैल असतो ना, तसंच. उघड्या आगीच्या मानानं चाचण्यांत चाळीस-पन्नास टक्के लाकूड वाचलं. आखणाऱ्यांनी मितादला हात लावला नाही, त्याच्या मापानं बाकी सगळं केलं. याहून मोठा धडा मला तरी या विषयात सापडलेला नाही.

पायरी २: तीन दिवस स्वयंपाकघरात बसा

प्रश्नावली घेऊन जाऊ नका, निदान पहिल्या दिवशी तरी. तराजू, मोजपट्टी, घड्याळ आणि वही पुरे. काय टिपायचं?

सरपण तोला. पद्धत सोपी आहे: घरात तीन-चार दिवस पुरेल इतकी मोळी तोलून द्या, ‘फक्त यातलंच जाळा’ अशी विनंती करा, आणि दर चोवीस तासांनी उरलेलं तोला. असं किमान तीन दिवस. सणाचा, बाजाराचा दिवस आला तर तसं लिहा. खाणारी माणसं मोजताना डोकी मोजू नका. पुरुष १, बाई ०.८, चौदा वर्षांपर्यंतचं मूल ०.५, साठीपुढचं माणूस ०.८ असं धरण्याचा प्रघात आहे. माणशी रोज किती किलो हा आकडा आला की पुढची सगळी तुलना त्यावर.

मग नजर ठेवा ती हातांवर. बाई कशावर बसते, की वाकून उभी राहते? उजव्या हाताला काय, डाव्या हाताला काय? मूल पाठीवर आहे का? आग पेटवून ती विहिरीवर जाते का, आणि किती वेळ? ही शेवटची नोंद फार मोलाची. तीन दगडांच्या चुलीत जाड ओंडके लावून अर्धा तास निघून जाता येतं. छोट्या तोंडाच्या नव्या चुलीत काटक्या दर पाच मिनिटांनी सारायला लागतात. प्रयोगशाळेत लाकूड वाचलं, घरात बाई खिळून बसली. तिचा वेळ तुमच्या हिशेबात नसेल तर तिच्या हिशेबात तो नक्की असतो.

आगीची इतर कामं विचारा. इथिओपियाच्या पठारावर रात्री थंडी पडते, तिथे चूल म्हणजे शेकोटीही. कुठे उजेड हवा असतो, कुठे आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना धूर हवा असतो, कुठे गवती छपरात कीड होऊ नये म्हणून. धूर आणि उष्णता पूर्ण बंद केलीत तर या कामांसाठी दुसरी आग पेटते, आणि तुमची बचत तिथे जाते.

पायरी ३: भांड्यांची मापं घ्या

इथे थांबून काम करा, कारण घोटाळे इथेच होतात.

पूर्व आफ्रिकेत ‘सुफुरिया’ चालते: ॲल्युमिनियमचं, सपाट बुडाचं, दांडी नसलेलं पातेलं. आपल्या भगुण्याची बहीणच. पश्चिम आफ्रिकेत ओतीव ॲल्युमिनियमची गोल बुडाची, दोन कानांची भांडी सर्रास, आणि ती नंबरानं विकली जातात. दक्षिणेकडे, झिम्बाब्वे-दक्षिण आफ्रिका-नामिबियात, बिडाचं तीन पायांचं भांडं असतं. ते थेट निखाऱ्यावर उभं राहतं. त्याचे पाय तुमच्या चुलीच्या काठावर कुठे टेकणार, हा प्रश्न कारखान्यातल्या माणसाला सुचतच नाही. त्यानं सपाट बुडाचं पातेलं समोर ठेवून चूल केलेली असते.

किमान वीस घरं घ्या. प्रत्येक भांड्याचा वरचा घेर, बुडाचा घेर, खोली, कान कुठे, झाकण आहे की नाही आणि रोज वापरात कोणतं ते लिहा. तीन मापं पुन्हा पुन्हा येतील. मधलं धरून चूल आखा आणि बाकी दोन तिच्यावर बसतात का ते तपासा.

आता थोडं गणित. लाकडाच्या ‘रॉकेट’ चुलीत एल आकाराची वाट असते: आडव्या नळीतून काटक्या आत, उभ्या नळीतून जाळ वर. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या ॲप्रोव्हेचो संस्थेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही मांडणी बसवली. तिचा मुख्य नियम असा की गरम हवेला वाटेत सगळीकडे सारखीच जागा मिळावी. उभी नळी १२ सेंटिमीटर व्यासाची असेल तर तिचं क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर. नळीच्या काठावर भांडं ठेवायची उंची म्हणजे व्यासाचा चौथा हिस्सा, ३ सेंटिमीटर. भांड्याभोवती पत्र्याची कड उभी केली, की गरम हवा बाजूंना घासून वर जाते. त्या कडेची फट किती? २४ सेंटिमीटरच्या भांड्याचा परीघ ७५ सेंटिमीटर. ११३ भागिले ७५, म्हणजे दीड. २८ च्या भांड्याला हीच फट सव्वापर्यंत येते.

फट याहून कमी केली तर भांड्याला उष्णता जास्त मिळते, पण एका हद्दीनंतर चूल गुदमरते आणि जाळ तोंडातून बाहेर येतो. जास्त ठेवली तर गरम हवा भांड्याला न शिवता निघून जाते. इथे दोन-तीन मिलिमीटरचाही फरक मोजण्याइतका पडतो. आणि मग गृहिणी तिसऱ्या मापाचं भांडं ठेवते, तेव्हा हे सगळं गणित बाजूला पडतं. म्हणून सरळ उभ्या कडेऐवजी नरसाळ्यासारखी तिरकी कड बरी: लहान भांडं खाली रुततं, मोठं वर राहतं, फट दोघांनाही बऱ्यापैकी. उत्तम कोणालाच नाही, हे मान्य करून पुढे चला. टेकू तीनच ठेवा. चार टेकूंवर भांडं डुगडुगतं.

पायरी ४: जळण कोणतं, आणि ते फोडतं कोण

शहरात कोळसा, गावात लाकूड, हा ढोबळ नियम. एकाच चुलीत दोन्ही जाळायचा मोह टाळा. कोळशाला खालून हवा, जाळी, राखेचा कप्पा आणि हवा कमी-जास्त करायची झडप लागते; लाकडाला जाळ वाढायला उंची लागते. दोन्ही जमवायला गेलं की दोन्हींत उणी अशी चूल तयार होते.

लाकडाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच: बारीक कोण करणार? तीन दगडांच्या चुलीला मनगटाएवढी लांब फांदी चालते, ती जळत जाईल तशी पुढे सारायची. रॉकेट चुलीला अंगठ्याएवढ्या काटक्या हव्यात. घरात कुऱ्हाड नसेल, असेल ती पुरुषाच्या ताब्यात असेल, तर रोजचं अर्ध्या तासाचं नवं काम तुम्ही बाईच्या गळ्यात बांधलंत. निदान तोंडापुढे एक टेकण द्या, म्हणजे लांब काटकी तोल जाऊन पडणार नाही. झिम्बाब्वेतल्या ‘त्सोत्सो’ चुलीचं नावच शोना भाषेत काटक्यांवरून आलंय. जिथे काटक्यांचंच सरपण उरलंय तिथे असं डिझाइन शोभतं.

एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. ‘भिंत जाड केली की उष्णता टिकते’ असं अनेकांना वाटतं. जाड मातीची भिंत आधी स्वतः तापते, आणि तिला तापवायला तुमचंच लाकूड जातं. सेनेगलमध्ये ऐंशीच्या दशकात ‘बान अक सूफ’ नावाची, म्हणजे माती-वाळूची, भरभक्कम चूल मोठ्या हौसेनं बांधली गेली. मूळ कल्पना ग्वाटेमालातली. तिला तडे गेले आणि अपेक्षेइतकी बचत झाली नाही. दिवसभर चालणाऱ्या खानावळीच्या चुलाणाला जाड भिंत परवडते. पाऊण तासाच्या उगालीला नाही. आगीला लागून हवी हलकी, हवा धरून ठेवणारी सामग्री: राख, प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड), भाताचा तूस घालून भाजलेली सच्छिद्र माती.

पायरी ५: हाटताना चूल हलते का

उगाली जवळून बघा. पाण्याला आधण आलं की मूठभर पीठ, मग आणखी, मग आणखी. लाकडी उलथन्याला स्वाहिलीत ‘म्विको’ म्हणतात. घट्ट व्हायला लागलं की बाई म्विको भांड्याच्या कडेवर दाबते, गोळा उलटवते, पुन्हा दाबते. एका हातात दुमडलेलं फडकं, त्यानं सुफुरियाचा काठ धरलेला. सगळा जोर आडवा. आपण पिठलं हाटतो त्याच्या चौपट म्हणा. घानात बांकू, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाची उकड, करताना तर भांडं जागेवर ठेवायला लोखंडी चौकट वापरून ती पायानं दाबून धरतात.

सुदानच्या दार्फुरमधलं काम या बाबतीत मुळातून समजून घेण्यासारखं आहे, आणि त्यात आपला खरा दुवाही आहे. मुंबईत जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ अशोक गाडगीळ २००५ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून दार्फुरच्या निर्वासित छावण्यांत गेले. छावणीतल्या बायका सरपणासाठी तासन्‌तास बाहेर चालत जात आणि वाटेत त्यांच्यावर हल्ले होत. सरपण कमी लागलं तर फेऱ्या कमी होतील, इतका थेट हेतू. तिथल्या बायकांचं जेवण म्हणजे असीदा आणि मुलाह: पिठाची घट्ट उकड आणि कांदा-तेल-भेंडीचं कालवण. भांडं गोल बुडाचं. जमीन वाळूची. वारा सतत.

गाडगीळांनी अनेक चुली बायकांकडून वापरून पाहिल्या. त्यातली ‘तारा’ ही भारतीय चूल आधाराला घेतली आणि मग जागेवरच्या गरजेनुसार बदलत नेली. वर तिरकी वारा-अडवणी आली, गोल भांडी वेगवेगळ्या मापांची बसावीत आणि वाऱ्यानं जाळ पळू नये म्हणून. लाकडाचं तोंड लहान केलं, कारण मोठं असलं की ते भरून टाकायची सवय असते. असीदा हाटताना उलटू नये म्हणून पाय रुंद केले आणि वाळूत खुंट्या ठोकायची सोय ठेवली. आणि बनवायचं कुठे? पत्र्याचे कापलेले सपाट भाग मुंबईत तयार झाले, ते थप्पी करून सुदानला गेले आणि दार्फुरमधल्या एल फाशर शहरात तिथल्याच कामगारांनी जोडले. तयार चूल पाठवली असती तर जहाजातून मुख्यतः हवाच गेली असती.

तुमच्या चुलीसाठी ही चाचणी घरीच करता येते. भांड्यात दोन-तीन किलो मळलेली कणीक ठेवा, काठाला स्प्रिंगचा काटा अडकवा आणि आडवा ओढा. आधी भांडं सरकतं की चूल उलटते, आणि किती किलोच्या ओढीला, ते लिहा. मग तोच काटा म्विकोला बांधून हाटणारीचा जोर मोजा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा यायलाच हवा. हे कुठल्या मानकात नाही, माझी जुगाड चाचणी आहे. पण मुलं भाजण्याचे प्रसंग इथेही घडतात.

पायरी ६: बनवणार कोण, दुरुस्त कोण करणार

नैरोबीची ‘जिको’ ही या क्षेत्रातली सगळ्यात यशस्वी गोष्ट. स्वाहिलीत जिको म्हणजे चूल. पत्र्याची गोल कोळशाची शेगडी पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वे बांधायला (१८९६ ते १९०१) गेलेल्या भारतीय कामगारांसोबत पोचली असं मानलं जातं. युगांडात तिला आजही ‘सिगिरी’ म्हणतात, हे ऐकून आपल्याला हसू फुटतं. बाजारात कोळसा मोजायचा डबा म्हणजे ‘देबे’, तोही आपलाच.

त्या पत्र्याच्या शेगडीच्या बाजूंनी बरीच उष्णता वाया जायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला केनियात लोकांनी थायलंडची बादलीच्या आकाराची, आतून मातीचं अस्तर असलेली शेगडी पाहिली आणि तशी करायला घेतली. अस्तर खालपर्यंत पूर्ण उंचीचं होतं. ते जड झालं आणि तडकायचं, कारण पत्रा आणि माती सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. शेवटी आकार आला डमरूचा. वरच्या अर्ध्या भागातच अस्तर, ते डमरूच्या कमरेवर बसतं. खालचा अर्धा मोकळा, राखेला आणि हवेला. अस्तर आणि पत्रा यांच्यामध्ये सिमेंट आणि व्हर्मिक्युलाइट या हलक्या, उष्णता अडवणाऱ्या खनिजाचा थर. आधीच्या शेगडीच्या तुलनेत एक तृतीयांश ते निम्मा कोळसा वाचतो.

तरी मला वाटतं, तिचं यश आकारापेक्षा कामाच्या वाटणीत जास्त आहे. पत्रा कापणारे ‘जुआ काली’ कारागीर आधीपासून होतेच. जुआ काली म्हणजे कडक ऊन. उघड्यावर काम करणाऱ्यांना तिथे हेच नाव आहे. जुन्या पिंपांचा पत्रा, हातोडा आणि ऐरण एवढंच भांडवल. अस्तर कुंभारकाम करणाऱ्यांनी भाजायचं, पत्रा जुआ कालीवाल्यांनी ठोकायचा, जोडणी तिसऱ्यानं. अस्तर फुटलं तर तेवढंच बदलता येतं. पुढे इथिओपियात ‘लाकेच’, सेनेगलमध्ये ‘जंबार’, घानात ‘ग्यापा’ अशा तिच्या भावंडांनी आपापल्या भांड्यांची मापं घेतली. नकला झाल्या, त्यांत कच्च्या अस्तराच्या टाकाऊही खूप. हा तोटा आहे आणि तो सोसायला लागतो.

अस्तरासाठी नियम थोडके. माती चाळा, वाळू किंवा तूस घालून मळा, सावलीत दोन आठवडे सुकू द्या, सुमारे ९०० अंशांवर भाजा. टिचकी मारली की खणखणीत वाजायला हवं. मठ्ठ आवाज म्हणजे आत तडा किंवा कच्चं. आणि कोळशाचा कप्पा लहानच ठेवा. माणूस कप्पा भरतो, गरज भरत नाही.

गावाकडच्या लाकडासाठी पश्चिम केनियातली ‘उपेसी’ (अर्थ: झटपट) आणि मलावीतली ‘चितेतेझो म्बाउला’ बघा. दोन्ही भाजलेल्या मातीच्या, दोन्ही मुख्यतः बायकांचे गट बनवतात. उपेसी मातीत पुरून कायमची बसवतात, म्बाउला उचलून अंगणात नेता येते. पाऊस आला की आत, उकाडा असला की बाहेर असं ज्या घरात चालतं तिथे पुरलेली चूल नेऊ नका.

पायरी ७: पाणी उकळून थांबू नका

चाचण्या तीन प्रकारच्या. पहिली पाणी उकळण्याची: ठरावीक पाणी, किती लाकूड, किती वेळ. दोन नमुन्यांत तुलना करायला बरी, बाकी तिच्यावर विसंबू नका. दुसरी, त्याच भागातल्या बाईनं तोच पदार्थ जुन्या आणि नव्या चुलीवर निदान तीन-तीन वेळा करायचा. पीठ तोलून, पाणी मोजून, आणि ‘झालं’ कधी ते तिनंच ठरवायचं. तिसरी चाचणी म्हणजे पायरी २ मधली, घरातली, तीन दिवसांची.

पहिलीत साठ टक्के वाचवणारी चूल तिसरीत वीसवर येते, हे नेहमीचं. दचकू नका, कारण शोधा. बहुतेकदा दोषी असते मंद आच: चूल जोरात उत्तम जळते, पण कमी करता येत नाही. उगालीला ते चालतं, गिठेरीला नाही. दाण्यांच्या बाबतीत तर मी चुलीच्या पुढे जाऊन बोलेन. वीज पोचलेल्या नैरोबीसारख्या शहरात विजेचा प्रेशर कुकर हा प्रश्न कुठल्याही चुलीपेक्षा सोपा करतो. २०१९ पासून ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली यावर तिकडे बरंच काम झालंय. कुकरची शिट्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला हे पटवायला नको.

पायरी ८: धुराबद्दल खरं बोला

घरातल्या धुरानं २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून प्रत्येक चुलीच्या पत्रकावर ‘आरोग्यदायी’ छापलेलं असतं. जपून छापा.

मलावीच्या ग्रामीण भागात दहा हजारांहून जास्त मुलांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या वस्त्यांतल्या घरांना पंखा लावलेल्या, सौर पॅनलवर चार्ज होणाऱ्या दोन-दोन चुली दिल्या. डिसेंबर २०१६ मध्ये निकाल आले: पाच वर्षांखालच्या मुलांच्या न्यूमोनियात फरक आढळला नाही. मूल दिवसभर एकाच चुलीचा धूर घेत नाही. शेजारची आग, जळणारा कचरा, रॉकेलचा दिवा, सगळंच छातीत जातं.

तेव्हा लाकूड वाचतं, वेळ वाचतो, डोळे कमी चुरचुरतात, हे मोजून दाखवता येत असेल तर तेवढंच म्हणा. कोळशाच्या शेगडीबद्दल तर इशाराच द्या. धूर दिसत नाही म्हणून ती बंद खोलीत नेतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. शेगडी बाहेर पेटवायची, रात्री खोलीत ठेवायची नाही, हे चित्रासकट चुलीवरच उमटवा.

पायरी ९: वर्षानं परत जा

चूल वाटली तेव्हाचा फोटो छान येतो. खरी तपासणी वर्षानं, न कळवता, आणि जेवणाच्या वेळी. पन्नास घरांपैकी दहांत गेलात तरी चालेल. चूल कुठे आहे? दारात, आगीजवळ, की माळ्यावर धान्य भरून? जाळी वाकली आहे का, अस्तर बांधून ठेवलंय का तारेनं? तारेनं बांधलेली चूल बघून खूश व्हा. नको असलेली वस्तू कुणी बांधत बसत नाही. तोंड कुणी फोडून मोठं केलं असेल तर रागावू नका, माप घ्या.

दोन-तीन चुली एकत्र वापरणं हीच तिकडची रीत आहे, आपल्याकडे गॅसशेजारी चूल असते तशी. म्हणून नवी चूल तापलेली दिसली तरी निघू नका. परसात जा, तीन दगड अजून आहेत का बघा, आणि त्यांना हात लावा. गार असतील तर ठीक. कोमट असतील तर काल त्यावर काय शिजलं ते विचारा आणि ते भांडं मागून घ्या. मोजपट्टी पिशवीत असू द्या.